गोदामाचं सॉफ्टवेअर बदलतं तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय पाहावं?

पीएचडीचा विषय ‘भिवंडी परिसरातल्या गोदामांचा इतिहास’ असा सांगितला की समोरचा हमखास विचारतो, “म्हणजे बंदराच्या काळातल्या वखारी का?” नाही. माझा काळ फार जवळचा आहे, १९९० नंतरचा. आणि माझं एक महत्त्वाचं साधन म्हणजे कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या याद्या. संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आज त्याविषयी लिहिते आहे, कारण हे साधन सध्या आपल्या डोळ्यांदेखत नाहीसं होतंय.

आधी पार्श्वभूमी. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनमार्गे निघालं आणि रांजणोली नाक्यावरून ठाण्याच्या दिशेने वळलं, की पत्र्याच्या शेडच्या रांगा सुरू होतात. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर. जिथे भातखाचरं होती तिथे आता गाळे आहेत. गोदामं इथेच का आली? जमीन मुंबईपेक्षा स्वस्त होती, मुंबई-नाशिक महामार्ग हाताशी होता, हे खरंच. पण कारण कराचंही होतं.

मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. मग माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा, हे साधं गणित. दुसरं गणित केंद्रीय विक्रीकराचं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला थेट विक्री केली तर हा कर लागायचा. पण स्वतःच्याच डेपोला माल पाठवला तर तो लागत नसे, फक्त ‘एफ फॉर्म’ द्यावा लागे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत, आणि अनेकांचा महाराष्ट्रातला डेपो भिवंडीत असे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि दोन्ही कारणं एका रात्रीत संपली. गोदामं मात्र उठली नाहीत. उलट, आता एकाच मोठ्या गोदामातून अनेक राज्यांना माल पुरवणं परवडू लागलं, म्हणून आणखी मोठी उभी राहिली. जागा तीच राहिली, तिच्यामागचं कारण बदललं. माझ्या प्रबंधाचा गाभा हाच आहे. पण हे सिद्ध करायचं कशावरून? कायदे सरकारी राजपत्रात मिळतात. गोदामाच्या आत रोजचं काम कसं बदललं, ते तिथे मिळत नाही.

इथे सॉफ्टवेअर येतं. अनेक मोठ्या कंपन्या जर्मनीच्या एसएपी कंपनीची प्रणाली वापरतात. तिच्या जुन्या आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपणार आहे, म्हणून सगळ्यांची ‘एस फोर हाना’ या नव्या प्रणालीकडे जाण्याची धावपळ चालू आहे. त्यात गोदामाचा प्रश्न वेगळा उभा राहतो. ‘डब्ल्यूएम’ हा जुना गोदाम-विभाग नव्या प्रणालीत तात्पुरता चालवायची मुभा होती, तिची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. मग कंपनीपुढे साधारण तीन रस्ते उरतात: त्याच कंपनीची मोठी ‘ईडब्ल्यूएम’ प्रणाली घ्यायची, ‘स्टॉक रूम मॅनेजमेंट’ नावाच्या हलक्या पर्यायावर भागवायचं, किंवा दुसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर आणून जोडायचं. कुठल्या रॅकवर काय आहे एवढंच कळायला हवं असेल तर हलकं पुरतं. एकाच शेडमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकांचा माल, हातात स्कॅनर, दिवसभर ट्रकची रांग असेल तर मोठं लागतं.

ही निवड करताना कंपनी एक यादी बनवते: जुन्या प्रणालीत आम्ही काय काय करत होतो, त्यातलं काय हवं, काय नको. एसएपीत कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेल्या प्रोग्रामची नावं सहसा ‘झेड’ने किंवा ‘वाय’ने सुरू होतात. ही झेड-यादी म्हणजे स्थानिक गरजांचा थरावर थर साठलेला ढिगाराच. मला अशी एक यादी पाहायला मिळाली (कंपनीचं नाव मी देणार नाही). त्यात जकातीचा अहवाल होता, एफ फॉर्मची जुळणी होती, ई-वे बिलाची नोंद होती. काहींपुढे शेरा होता, ‘वापर नाही, काढावे’. एका तक्त्यात वीस वर्षांचा करइतिहास! मी हरखून गेले.

आणि तिथेच चुकले. यादीत ‘माथाडी टोळी हिशोब’ नावाचा एक प्रोग्राम होता, त्यापुढेही ‘वापर नाही’ असंच लिहिलेलं. मी प्रकरणाच्या मसुद्यात बिनधास्त लिहून टाकलं की इथली टोळीची पद्धत संपली. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “गोदामात जाऊन पाहिलंस का?” गेले. मुकादमाच्या खिशात वही होती: ट्रकचा नंबर, गोण्यांची संख्या, टोळीतली माणसं. काम टोळीनेच चालू होतं. प्रोग्राम मेला होता, पद्धत नाही. ती सॉफ्टवेअरमधून निघून वहीत गेली होती, एवढंच.

नव्या प्रणालीतही तिला जागा मिळेल असं दिसत नव्हतं. या प्रणालीच्या कामाच्या नोंदीमागे एक गृहीत असतं: एक कामगार, एक लॉगिन, एक स्कॅनर. महाराष्ट्रात १९६९च्या माथाडी कायद्यामुळे हमालीच्या कामाची घडण वेगळी झाली. नोंदीत कामगारांची मजुरी माथाडी मंडळामार्फत जाते आणि काम टोळीच्या हिशोबाने होतं. ज्या तक्त्यात ‘टोळी’ असा रकानाच नाही, तो तक्ता उद्याच्या संशोधकाला सांगेल की इथे टोळ्या नव्हत्याच.

आता निकडीची गोष्ट. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०१७-१८ या पहिल्या वर्षाची ती मुदत वाढत वाढत फेब्रुवारी २०२० पर्यंत गेली होती. त्यात ७२ महिने मिळवा: फेब्रुवारी २०२६. म्हणजे जिथे वाद किंवा चौकशी चालू नाही, तिथे जीएसटीच्या पहिल्या वर्षाच्या नोंदी ठेवायचं या कायद्याचं बंधन त्यानंतर उरत नाही. आणि नेमक्या याच सुमारास जुन्या प्रणाली बंद होताहेत. नव्या प्रणालीत बहुधा शिल्लक साठा आणि चालू व्यवहार नेतात. जुन्या हालचालींचा सगळा इतिहास नेणं महागात पडतं. ठाणे जिल्ह्याचा चेहरा बदलणाऱ्या त्या वर्षाच्या नोंदी कुणी मुद्दाम न जाळताही जातील.

मग आपण काय करायचं? डेटा मागू नका, तो मिळणार नाही आणि त्यात लोकांची खासगी माहितीही असते. रिकामे तक्ते मागा: रकान्यांची नावं, झेड-यादी, निवडीच्या वेळची गरजांची यादी. त्यात व्यापारी गुपित फारसं नसतं, त्यामुळे होकार मिळण्याची शक्यता जास्त. प्रत्येक रकान्याला विचारा, तू कुठल्या कायद्यामुळे आलास? ‘काढावे’ असा शेरा दिसला की तो कुणी दिला आणि का, हे लिहून घ्या. जुन्या सिस्टिमवर बसणाऱ्या ऑपरेटरची मुलाखत ती बंद व्हायच्या आधी घ्या, नंतर त्यालाही आठवत नाही.

आणि यादी हाती आली की गोदामात जा. मसुदा लिहायच्या आधी. मी नंतर गेले, म्हणून एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.