एका नगराची दोन नावे

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी भांडणाची कथा काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु ज्या भांडणाची हकीकत मी सांगणार आहे ते मिटलेले आहे, आणि शिवाय त्यापायी मला स्वतःला एक दिवस वर्गाबाहेर उभे राहावे लागले आहे. मुलांना वर्गाबाहेर उभे करण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्या मास्तराची ही फजिती वाचून कोणाची घटकाभर करमणूक झाली, तर माझी हरकत नाही.

विकिपीडिया हा ज्ञानकोश आता घरोघर ठाऊक आहे. त्याची जन्मकथा मात्र थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेतील जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली प्रथम 'न्यूपीडिया' नावाचा कोश काढला होता. विद्वानांनी लिहावे आणि प्रत्येक लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून यावा, असा तेथे दंडक होता. पहिल्या वर्षात दोन डझनही लेख पुरे झाले नाहीत. तेव्हा १५ जानेवारी २००१ रोजी त्यांनी दुसरे दार उघडले. येईल त्याने लिहावे, चूक दिसेल त्याने ती दुरुस्त करावी. वर्ष सरते न सरते तोच लेखांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. १ मे २००३ पासून मराठीतही हा कोश सुरू झाला. ज्ञानकोशकार केतकरांच्या तेवीस खंडांवर अखेरचा हात संपादकांचा होता. येथे तसा हातच नाही. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला लिहिण्याची मुभा, आणि मी लिहिलेले पुसण्याची मुभा दुसऱ्या कोणालाही!

भांडणाचे मूळ तेथेच आहे. मी माझ्या गावावर चार ओळी लिहिल्या, आणि गावाचे नाव गावदेवीवरून पडले, असे आजोबांच्या तोंडून ऐकलेले त्यात घातले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कोणा अनोळखी गृहस्थांनी ते पुसून, गावाचे नाव जुन्या तळ्यावरून पडले, असे लिहून ठेवलेले. मी त्यांचे पुसले. त्यांनी माझे पुसले. दिवेलागणीपर्यंत हा खेळ चालला, आणि रात्री पाहतो तो आम्हां दोघांनाही एका दिवसाची लेखनबंदी झालेली! कारण काय, तर एका लेखात चोवीस तासांत तीनांहून अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवू नये, असा नियम आहे.

राग ओसरल्यावर, असल्या भांडणांचा निकाल आजवर कसा लागत आला, हे मी शोधू लागलो, आणि शोधता शोधता थेट बाल्टिक समुद्राच्या काठी जाऊन पोहोचलो.

पोलंडमध्ये व्हिस्तुला नदीच्या मुखाजवळ एक जुने बंदर आहे. पोलिश लोक त्याला ग्दान्स्क म्हणतात, जर्मन लोक डान्झिग. १३०८ मध्ये ते ट्यूटॉनिक सरदारांनी जिंकले. १४५४ मध्ये नगराने त्यांच्याविरुद्ध उठून पोलंडच्या राजाचे छत्र पत्करले. १७९३ मध्ये ते प्रशियाकडे गेले, पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये स्वतंत्र नगर झाले, आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तोफा तेथे धडाडल्या. १९४५ मध्ये ते पुन्हा पोलंडकडे आले. तेथील जर्मनांना घरेदारे सोडून जावे लागले. वास्तू, शेजार, वाडवडिलांची थडगी सारे मागे राहिले. बरोबर नेता आले ते गावाचे नाव.

ज्यांचे नाव तापमापकावर असते ते फॅरनहाइट याच नगरात १६८६ मध्ये जन्मले. छत्र पोलंडच्या राजाचे, घरची भाषा जर्मन. मग त्यांचा जन्म ग्दान्स्कचा म्हणावयाचा की डान्झिगचा? इंग्रजी विकिपीडियावर या एका शब्दापायी रणे माजली. सकाळी एकाने नाव बदलावे, दुपारी दुसऱ्याने ते परत फिरवावे. प्रत्येकाजवळ ग्रंथांचा आधार होता, आणि खोटे कोणीच बोलत नव्हता. तंटा विकोपाला गेला तो त्यामुळेच.

उपाय नव्हते असे नाही. प्रत्येक लेखाशेजारी चर्चेचे पान असते. तेथे आधी बोलून घ्यावे, असा परिपाठ आहे. २००३ च्या अखेरीस वेल्स यांनी पंचमंडळ नेमण्याचे ठरविले, आणि २००४ पासून पंच निवाडे करू लागले. परंतु पंचांनी माणसांच्या वागणुकीचा निवाडा करावा, लेखातील मजकुराचा करू नये, अशी त्यांना मर्यादा होती. मला ज्याचा प्रसाद मिळाला त्या तीन वेळांच्या नियमाला नोव्हेंबर २००४ मध्ये कौल घेऊन शिक्षेची जोड देण्यात आली. त्याने हात थांबले. प्रश्न तसाच राहिला.

अखेर १८ फेब्रुवारी ते ४ मार्च २००५ या काळात या नावावर मतदान झाले. खरे नाव कोणते, हा प्रश्न तेथे विचारलाच नाही. इतिहासाचे कालखंड पाडले आणि कोणत्या खंडात कोणते नाव लिहावे, एवढेच विचारले. निकाल असा लागला, की १३०८ पूर्वी आणि १९४५ नंतर ग्दान्स्क लिहावे, मधल्या काळात डान्झिग. उघड जर्मन असलेल्या व्यक्तीच्या चरित्रात डान्झिग आणि उघड पोलिश असलेल्या व्यक्तीच्या चरित्रात ग्दान्स्क. मात्र पहिल्या उल्लेखाशी दुसरेही नाव दिलेच पाहिजे.

पोलंडच्या छत्राखाली गेलेली तीन शतकांहून अधिक वर्षे डान्झिगच्या पदरात पडली, हे कित्येक पोलिश मंडळींना रुचले नसणार. शिवाय मतांच्या बेरजेने सत्य ठरत नाही, हे त्या कोशालाही मान्य आहे. मतदान ही चर्चेची जागा घेऊ शकत नाही, असे तो स्वतःच सांगतो. परंतु दुसरे नावही शेजारी लिहिले जाईल, एवढी हमी दोन्ही पक्षांना मिळाली. माझ्या मते तोडग्याचा जीव तेवढ्यातच आहे.

हे वाचल्यावर मी आमच्या गावाच्या चर्चापानावर त्या गृहस्थांना लिहिले, "आपण तळे पाहिले आहे काय?" उत्तर आले, "मी पाहिले नाही. आजीने पाहिले होते. आमची आळी धरणात गेली, तळेही गेले."

ते खालच्या आळीचे होते! मी वरच्या आळीचा. आमचे घर राहिले, देऊळही राहिले. ज्या पाण्याकडे पाहत मी लहानाचा मोठा झालो, त्याच्या तळाशी कोणाचे तळे असेल, हे मला कधी सुचलेही नव्हते.

छापील आधार आम्हां दोघांजवळही नव्हता. नियमाप्रमाणे ते वाक्यच काढावे लागले. आम्ही दोघांनी मिळून ते काढले. लेखात आता गावाच्या नावाची कथा नाही. मात्र त्या कोशात पुसलेलेही इतिहासाच्या पानावर शिल्लक राहते. तेथे पाहिले, तर माझी गावदेवी आणि त्यांचे तळे एकाखाली एक सापडतात.

वैशाखात धरण आटले की तळ्याच्या वरच्या दोन पायऱ्या दिसतात, असे त्यांनी कळविले आहे. या उन्हाळ्यात आम्ही दोघे ते पाहावयास जाणार आहोत.