किनाऱ्यावरचा काळोख आणि पडद्यावरचा चेहरा

रायगडच्या किनाऱ्याचा सिनेमाशी जो थोडाफार संबंध आला, तो बहुधा गुन्हेगारीच्या निमित्तानेच आला. २००७ साली प्रदर्शित झालेल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मालिकेतील तिसऱ्या चित्रपटात जगभरच्या चाच्यांच्या म्होरक्यांची सभा भरते. तीत 'श्री संभाजी आंग्रिया' नावाचा एक पगडीधारी सरदार विराजमान झालेला दिसतो. हे नाव हॉलीवूडच्या लेखकांनी हवेतून काढलेले नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून मराठ्यांचे आरमार चालविणारे सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले; संभाजी हे त्यांचे पुत्र. इंग्रजी बखरकारांनी या घराण्याला सरसकट चाचे ठरविले आणि अडीच शतकांनंतर पडद्यावर तेच अवतरले. वास्तविक तंटा होता तो परवान्याचा. पोर्तुगीज 'कार्ताझ' देत, आंग्रे दस्तक देत, आणि ज्याचा परवाना आपण मानीत नाही त्याला चाचा म्हणायचे, असा त्या काळचा शिरस्ता होता. कोर्लईच्या किल्ल्याखाली आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे आपले बांधव राहतात. त्यांच्या पूर्वजांनी हा तंटा दोन्ही बाजूंनी पाहिला असेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परवान्याची जागा जकातीने घेतली आणि चाच्याच्या जागी स्मगलर आला. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले, १९६८ साली त्यांचा कायदा झाला. दुबईतले आणि मुंबईतले सोन्याचे भाव यांच्यातील तफावत एवढी मोठी होती, की मधला समुद्र ओलांडण्याची जोखीम सहज परवडावी. सोने येई, चांदी जाई. जोडीला घड्याळे आणि परदेशी कापड. मुंबई बंदरावर पहारा वाढला की माल दक्षिणेकडे सरके. दिघी, शेखाडी, श्रीवर्धन या पट्ट्यात खाड्या आहेत, आडोशाच्या पुळणी आहेत, वस्ती विरळ आहे आणि मुंबई ट्रकने एका रात्रीच्या टप्प्यात आहे. या धंद्याची एक वेगळी परिभाषाच रूढ झाली. माल किनाऱ्याला लागणे म्हणजे 'लँडिंग', आणि त्याची व्यवस्था पाहणारा स्थानिक माणूस तो 'लँडिंग एजंट'.

हिंदी सिनेमाने या धंद्यातून काय उचलले, हे पाहण्याजोगे आहे. २४ जानेवारी १९७५ रोजी 'दीवार' प्रदर्शित झाला. सलीम-जावेद यांनी रंगविलेला विजय हा गोदीतला हमाल, तो पुढे सोन्याच्या तस्करीत बडा होतो. या पात्रामागे हाजी मस्तानची छाया आहे असे तेव्हापासून बोलले जाते. तोही माझगाव गोदीतला हमाल होता आणि त्याच वर्षी पुकारलेल्या आणीबाणीत तो तुरुंगात होता. अमिताभ बच्चन यांचा तो संतप्त चेहरा, बाहूवरचा ७८६ क्रमांकाचा बिल्ला आणि शेवटी आईच्या मांडीवर मरण. प्रेक्षकाला गुन्हेगारीचे एवढेच स्मरण उरले. सोने नेमके कोणत्या पुळणीवर उतरले, ते कोणी खांद्यावर वाहिले, नाक्यावर ट्रक कोणी सोडला, हे प्रश्न चित्रपटाला पडत नाहीत. ते पडावेत अशी तेव्हा कोणाची अपेक्षाही नव्हती.

या सिनेमात आपल्या समाजाच्या वाट्याला काय आले तेही नोंदवायला हवे. दोन वर्षांनी आलेल्या मनमोहन देसाई यांच्या 'अमर अकबर अँथनी'त सोन्याचा तस्कर आहे 'रॉबर्ट', आणि चर्चच्या आश्रयाने वाढलेला अँथनी चालवतो दारूचा गुत्ता. अजितसारख्या खलनायकांच्या अवतीभवती रॉबर्ट आणि मोना यांचा राबता असतोच. गंमत अशी, की 'अँथनी गोन्साल्विस' हे नाव ज्यांच्यावरून घेतले ते गृहस्थ गोव्याचे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक होते. संगीतकार प्यारेलाल यांचे ते गुरू. एका सुसंस्कृत कलावंताचे नाव गुत्तेवाल्याला मिळाले. शिष्याच्या लेखी तो गुरूचा गौरव होता, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळे झाले. या प्रकाराचा मला फारसा राग येत नाही. तो चित्रपट निर्मळ आहे. पण किनाऱ्यावर किंवा गोदीत राहणारा ख्रिस्ती म्हणजे तस्कराचा हस्तक, ही समजूत दृढ व्हायला अशाच निर्मळ चित्रपटांनी हातभार लावला, हे नाकारता येत नाही.

'डॉन' या शब्दाचीही कथा अशीच. १९७८ च्या हिंदी चित्रपटानंतर तो आपल्याकडे गुन्हेगारांच्या म्होरक्याचे बिरुद झाला. इटलीत मात्र धर्मगुरूला आदराने 'डॉन' असे संबोधतात. आणि 'गॉडफादर' म्हणजे स्नानसंस्काराच्या वेळी बालकाची जबाबदारी घेणारा धर्मपिता. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या १९७२ च्या चित्रपटाने हा शब्द जगभर असा काही फिरविला, की आता तो देवळातल्या अर्थाने वापरताना हसू आवरावे लागते. त्या चित्रपटाच्या अखेरीस मायकेल आपल्या भाच्याचा धर्मपिता म्हणून वेदीपुढे उभा राहतो, सैतानाचा त्याग करीत असल्याची ग्वाही देतो, आणि त्याच क्षणी त्याच्या आज्ञेने एकामागून एक मुडदे पडत असतात. हा प्रसंग कॅथलिक प्रेक्षकाच्या काळजात अधिक खोल रुततो. तरीही चित्रपट संपल्यावर मनात राहतो तो मायकेलचा रुबाबच. कपोला यांना दांभिकता दाखवायची होती. पाहणाऱ्याने घराणेशाहीचे वैभव पाहिले.

खुद्द इटलीतल्या दिग्दर्शकांनी दुसरी वाट शोधली होती, आणि तीही कपोला यांच्या आधी दहा वर्षे. सिसिलीतला दरोडेखोर साल्व्हातोरे जुलियानो १९५० साली मारला गेला. १९४७ च्या मे दिनी पोर्तेला देल्ला जिनेस्त्रा येथे जमलेल्या शेतकऱ्यांवर त्याच्या टोळीने गोळ्या झाडल्या होत्या. त्यात अकरा जीव गेले. फ्रांचेस्को रोझी यांनी १९६२ साली त्याच्या नावाचा चित्रपट काढला आणि त्यात त्याचा चेहराच जवळजवळ दाखविला नाही. अंगणात पालथे पडलेले प्रेत, डोंगरावरून दूर दिसणारी पांढऱ्या कोटातली आकृती, बस्स. कॅमेरा रोखलेला आहे तो गावावर, पोलिसांवर, राजकारण्यांवर आणि न्यायालयात उसळलेल्या गोंधळावर. जुलियानोला कोणी पोसले आणि नकोसा झाल्यावर कोणी संपविले, याचा तो शोध आहे. त्याच गावातली माणसे रोझींनी पडद्यावर आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीच्या संसदेने माफियाच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला. एका चित्रपटाने हे घडविले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण हवा तापविण्यात त्याचा वाटा होता.

लेओनार्दो शाशा या सिसिलियन लेखकाच्या १९६१ च्या कादंबरीवरून दामियानो दामियानी यांनी १९६८ साली चित्रपट केला. कादंबरीचा आरंभ असा : पहाटे सुटणारी बस पकडायला धावणारा माणूस भर चौकात गोळ्यांनी कोसळतो. बस उतारूंनी भरलेली असते. पोलीस येईपर्यंत एकेक उतारू पाय काढतो. कंडक्टरला कोणाचा चेहरा आठवत नाही. आणि कोपऱ्यावरचा भजीवाला तर गोळीबार झाल्याचेच आपल्याला ठाऊक नसल्याचा आव आणतो. सिसिलीत या मौनाला 'ओमेर्ता' म्हणतात. भीती त्यात आहेच. पण 'आपल्याला काय करायचे आहे' ही सुखवस्तू वृत्तीही त्यात आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे परत येतो. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२ साली परदेशस्थ भारतीयांना पाच किलोपर्यंत सोने जकात भरून आणण्याची मुभा मिळाली. तस्करीतला नफा आटला. पण होड्या, वाटा, हमाल आणि हप्त्यांची साखळी जागच्या जागी राहिली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत उसळलेल्या दंगलींत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नमूद आहे. याच सुमारास, जानेवारी १९९३ मध्ये, दिघीला रात्री माल उतरला. पाठोपाठ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडीला दोन वेळा. या वेळी त्यात बंदुका होत्या, हातबॉम्ब होते आणि आरडीएक्स होते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एका दुपारी एकापाठोपाठ झालेल्या स्फोटांत २५७ माणसे ठार आणि ७१३ जखमी झाली.

खटल्यात जे सिद्ध झाले त्यातला एक तपशील मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. दिघीचा माल घेऊन निघालेली वाहने म्हसळ्याकडच्या गोंडघर फाट्यावर पोलिसांच्या तुकडीने अडविली होती. कायद्याचा हात गुन्ह्यावर पडला होता! मग देण्याघेण्याची बोलणी झाली. ठरलेली रोकड जवळ नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या आणि वाहने पुढे गेली. सीमाशुल्क खात्यातले वरिष्ठ अधिकारीही दोषी ठरले. अतिरिक्त कलेक्टरच्या हुद्द्यापर्यंत ती साखळी पोचली होती. विशेष न्यायालयाने २००६-०७ मध्ये एकंदर शंभर जणांना दोषी ठरविले. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना पोलीस आणि सीमाशुल्क खात्याच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले.

त्या फाट्यावरच्या माणसांना ट्रकमध्ये काय आहे याची कल्पना नव्हती, असे कोणी म्हणेल. पण नेहमीची चांदी-सोने असेल असे समजून डोळे मिटण्याची सवय वर्षानुवर्षे अंगवळणी पडली होती. आरडीएक्स आले ते त्या सवयीच्या वाटेने.

अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे' हा या घटनेवरचा चित्रपट एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावर आधारलेला आहे. तो २००४ साली तयार होता. खटल्याच्या निकालावर परिणाम होईल या कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे प्रदर्शन रोखले आणि अखेर ९ फेब्रुवारी २००७ रोजी तो लोकांपुढे आला. माझ्या मते हिंदीत रोझींच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट हाच. त्यात प्रकरणे आहेत, तारखा आहेत, वाट चुकलेली आणि धास्तावलेली माणसे आहेत. नायक म्हणावा असा कोणी नाही. शेखाडीची उतरवणी त्यात आहे, आणि शेवटी तो आपल्याला दंगलींकडे मागे नेतो. तरीही त्याचे मन रमते ते मुंबईत, तपासाच्या खोल्यांत. श्रीवर्धन आणि म्हसळे ही त्याला वाटेवरची ठिकाणे आहेत. त्यानंतर आलेल्या 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' (२०१०) मध्ये तर पुन्हा पांढरे शुभ्र कपडे, आलिशान गाडी आणि तस्कराची दानशूरता हेच सारे परत आले. प्रेक्षकांनी ते आनंदाने स्वीकारलेही.

मराठी लेखणीने या विषयाला जिथे हात घातला तिथे ती घराच्या उंबऱ्यापाशी थांबून पाहते. जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकात आणि त्यावरून निघालेल्या 'लालबाग परळ' (२०१०) चित्रपटात १९८२ च्या संपानंतर मोडलेल्या गिरणगावातल्या घरात गुन्हेगारी कशी शिरते, हे दिसते. किनाऱ्यावरच्या घराची तशी कथा कोणी सांगितलेली नाही. एका रात्रीच्या हमालीचे पैसे घरात आल्यावर त्या घरातली आई काय विचारते आणि काय विचारायचे टाळते?

योगायोग असा, की इटलीतही ते वर्ष १९९३ च होते. ९ मे रोजी सिसिलीतील आग्रिजेंतो येथे मिस्सा संपल्यावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी हातातला कागद बाजूला ठेवून माफियांना उद्देशून अत्यंत कठोर शब्दांत पश्चात्तापाचे आवाहन केले. १५ सप्टेंबरला पालेर्मोच्या ब्रांकाच्चो वस्तीतले धर्मगुरू पीनो पुलीसी यांना, त्यांच्या ५६ व्या वाढदिवशी, घराच्या दाराशी गोळी घालण्यात आली. 'डॉन पीनो' म्हणत त्यांना लोक. वस्तीतल्या मुलांना ते टोळ्यांपासून दूर ठेवीत, आणि सणाच्या मिरवणुकीसाठी माफियांकडून येणारा पैसा त्यांनी नाकारला होता. रोबेर्तो फाएन्झा यांनी २००५ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. २५ मे २०१३ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना 'धन्य' घोषित केले.

शेखाडीवरून आज दिवेआगर ते श्रीवर्धन असा समुद्राला बिलगून जाणारा रस्ता आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते. दिघीला मोठे बंदर झाले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनीही मुंबई गाठली ती समुद्रानेच. तेव्हापासून कोळी बांधवांना होडीबरोबर ओळखपत्र बाळगावे लागते आणि तांडेलाला खलाशांची नावे देऊन समुद्रात जावे लागते. गोंडघर फाट्यावरून ये-जा करणाऱ्या एसटीच्या उतारूंना त्या विटांची गोष्ट क्वचितच कोणी सांगत असेल.