दऱ्या आणि दर्या : भोर-वेल्ह्याच्या दप्तराची स्थलांतरे

संगणकांच्या जाळ्यावरील जुनी कार्यप्रणाली काढून तिथे नवी बसवणे हे तंत्रज्ञाचे काम. मराठीच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न कुणीही विचारील. परंतु जुन्या व्यवस्थेतला मजकूर नव्या व्यवस्थेत नेताना तो आधी कुणाला तरी वाचावा लागतो, आणि वाचणे आले की पाठभेद आलाच. पोथ्यांच्या नकलांविषयी आपण वर्गात जे प्रश्न विचारतो तेच प्रश्न सात-बाऱ्यालाही विचारता येतात. फरक एवढाच, की पोथीतला अपपाठ अर्थ बिघडवतो. सात-बाऱ्यातला अपपाठ एखाद्याचे शेत अडकवून ठेवतो.

भोर आणि वेल्हे या मावळी मुलखात अशी दोन स्थलांतरे ओळीने दाखवता येतात. पंतसचिवांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे त्याचे तालुके. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. यांतला रोहिडा भोर तालुक्यात येतो, तर राजगड आणि तोरणा वेल्ह्याच्या हद्दीत. या मुलखाच्या जुन्या दप्तराची लिपी मोडी. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली, कचेऱ्यांत बाळबोध स्थिरावली, आणि पहिले स्थलांतर घडले. भाषा तीच राहिली, माणसे तीच राहिली. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्यामुळे तो भेद नक्कल करणाऱ्याला स्वतः ठरवावा लागे. ‘दिन’ की ‘दीन’ हे मूळ कागद सांगत नाही. म्हणजे नव्या प्रतीत आलेली काही माहिती जुन्या प्रतीत नव्हतीच. ती कारकुनाच्या जाणकारीतून आली.

दुसरे स्थलांतर संगणकाचे. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. पुण्यात सी-डॅकची स्थापना १९८८ सालचीच. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्राचा पुढचा विकास तिथेच झाला. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण संकेतन ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह प्रसिद्ध झाली. व्यवहार मात्र निराळ्या वाटेने गेला. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींना देवनागरी स्वतःहून कळत नसे. तेव्हा फाँट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे काना, कुठे रफार, कुठे अर्धा त. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन चिन्हांचाच होता. मराठी होती ती फक्त दिसण्यापुरती. प्रत्येक फाँटची मांडणीही वेगळी.

जोवर या लेखनाचा शेवट छापील कागदावर होत होता तोवर कुणाचे अडले नाही. डोळ्यांना मराठी दिसत होते, तेवढे पुरे होते. संगणक एकमेकांना जोडले गेले तेव्हा अडचण उघडी पडली. तालुक्याच्या यंत्रावरचा मजकूर दुसऱ्या गावच्या यंत्राने वाचायचा, तर त्याला चित्र नव्हे, अक्षर हवे. विंडोज २००० आणि तिच्यामागून २००१ साली आलेली एक्सपी यांनी युनिकोड देवनागरी प्रणालीतच आणली. मात्र त्यामुळे जुन्या फायली आपोआप मराठी झाल्या नाहीत. जुना फाँट नसलेल्या नव्या यंत्रावर त्या उघडल्या की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला आणि जुन्याच यंत्रावर काम रेटण्याची पळवाटही धोक्याची ठरली.

रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या होत्या, पण त्यांनाही वाचक म्हणून मर्यादा होत्या. मराठीतला अर्धा ‘ऱ’ घ्या. आज्ञावलीला तो रफारापासून वेगळा ओळखता आला नाही, तर मावळातल्या ‘दऱ्या’ एका क्षणात ‘दर्या’ होतात. मोडीकडून बाळबोधीकडे येताना मुळात नसलेला भेद लिहिणाऱ्याने घातला. इथे मुळात असलेला भेद यंत्राने पुसला. स्थलांतर म्हणजे सामान एका घरातून दुसऱ्या घरात नेणे नव्हे. तो अर्थनिर्णय असतो, हे दोन्हींतून दिसते.

आणि या अर्थनिर्णयाला कायद्याचे बळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय कलम १५५ मध्ये आहे. पण प्रमाद झाला हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. म्हणूनच २०१७ साली राज्यभर घेतलेले चावडी वाचन मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत अर्थपूर्ण पाऊल वाटते. संगणकात गेलेल्या नोंदी गावापुढे मोठ्याने वाचायच्या आणि चूक असेल तर गावाने सांगायची. यंत्राच्या प्रतीचे मुद्रितशोधन मौखिक परंपरेने करावे, याहून मराठी गोष्ट कोणती? पुढे १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा आला.

एक स्थलांतर अजून ताजे आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मंजुरी दिली आणि आता तो तालुका त्याच नावाने ओळखला जातो. उद्याच्या अभ्यासकाला संस्थानी मोडी कागदावर ‘तालुका राजगड’ सापडेल आणि आजच्या सात-बाऱ्यावरही ‘तालुका राजगड’ सापडेल. अक्षरे तीच असतील; पण दोन्हींची हद्द एकच आहे असे गृहीत धरता येणार नाही. ही चूक कोणतीही कार्यप्रणाली पकडणार नाही. त्यासाठी दोन्ही दप्तरे वाचता येणारा माणूस लागेल. मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात हे चांगलेच आहे. मराठी विभागांनी त्यांच्या जोडीला जुन्या फाँटांतला मजकूर वाचण्याचे आणि पडताळण्याचे शिक्षणही द्यायला हवे. १९९० नंतरच्या कित्येक मराठी फायली जुन्या डिस्कांवर पडून आहेत, आणि त्या फाँटांचे जाणकार मोडीच्या जाणकारांहूनही लवकर संपतील.