एका करंट्या रोपाची हकिगत

दिवाळीच्या पहाटे ताटलीत पोहे पडतात, तेव्हा त्या तांदळाच्या कुळाची चौकशी कोण करतो? आज त्याच कुळातल्या एका करंट्या रोपाची हकिगत सांगतो.

बेंटाझोन नावाचे एक तणनाशक आहे. सूर्यप्रकाशात अन्न करण्याचे पानाचे कामच ते बंद पाडते. खाचरातला लव्हाळा त्याने मरतो, भात मात्र वाचते. कारण ते विष पचवून निरुपद्रवी करणारे द्रव्य भाताच्या अंगीच असते. जपानमध्ये नोरिन ८ या वाणावर किरणांचा मारा केला, तेव्हा त्यातून ही शक्तीच नसलेले रोप निपजले. १९८४ साली त्याची नोंद झाली. तणाबरोबर स्वतःही मरणारे असले भात कोणाच्या कामाचे?

उत्तर चीनमध्ये मिळाले. तेथे युआन लाँगपिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली संकरित भाताची पद्धत सिद्धीस नेली. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून संकरासाठी ज्याचा पराग वांझ आहे, असा मादी वाण लागतो. त्याच वर्षी हूबेई प्रांतात शी मिंगसाँग यांना असे एक रोप आढळले, की दिवस मोठे असले म्हणजे त्याचा पराग वांझ होई. मोठीच सोय झाली! पण त्यापासून निघालेले वाण हवेचे लहरी. १९८९ च्या उन्हाळ्यात अवचित गारठा पडला आणि वांझ म्हटलेली रोपे आपली आपणच फळली. बियाण्यात भेसळ झाली. दाणा दाण्यासारखाच, पदरचे पैसे मोजून बी नेणाऱ्या शेतकऱ्याने तो ओळखावा कसा?

येथे ते दुबळेपण कामी आले. शास्त्रज्ञांनी मादी वाणातच तो दोष मुद्दाम आणला. संकरित रोपाला बापाकडून धड जनुक मिळते, म्हणून ते फवारणीतून तगते. भेसळीच्या रोपाला दोन्हीकडून दोषच. ते कोवळेपणीच जळून जाते. लावणीला उरते ते अस्सल रोप.

२००६ साली चिनी शास्त्रज्ञांनी या दोषाचे मूळ हुडकले. जनुकाच्या लांबलचक मजकुरात एकच अक्षर गळाले होते! मी शाळामास्तर, एकेका अक्षरासाठी शुद्धलेखनाचे गुण कापणारा. ही हकिगत वाचल्यापासून लाल पेन्सिल उचलताना हात जरा अडखळतो.