आठ आण्यांची तडजोड

मुळशी सत्याग्रहाचा इतिहास सांगताना आपले लेखक सेनापती बापटांपाशी थांबतात. १९२१ साली सुरू झालेला तो लढा मोडला, धरण झाले, आणि १९२७ पासून माले परिसरातल्या पाण्याची वीज भिऱ्याहून मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. त्या गिरण्यांतल्या बायांचे काय झाले, हा याच इतिहासाचा पुढचा भाग होय.

बाई बाळंत झाली की तिचा रोज बुडे. १९२८ साली आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले. गिरणीमालक विरोधात, सरकारी बाजूच्याही हरकती. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारनेच उचलला पाहिजे. मात्र बायांना कामावर ठेवून नफा मिळवणारा मालकही सुटू शकत नाही, असे त्यांनी मांडले. आपण हे भाषण मातृत्वाच्या गौरवासाठी वापरतो आणि त्यातला तिजोरीचा मुद्दा सोयीने गाळतो.

१९२९ साली कायदा झाला तो तडजोडीचा. काही आठवडे, दिवसाला आठ आणे, आणि सारा भार मालकावर. सरकारने हात झटकले. मालकाला बाई महाग वाटू लागली. पुढच्या दशकांत गिरण्यांतले बायांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे ही कारणेही होतीच. तरी या तडजोडीला मी नावे ठेवणार नाही. ज्या बाईच्या हातात आठ आणे पडले तिला ते खरे होते, आणि १९३० साली मध्य प्रांतानेही तसाच कायदा केला.

बाहेर राहिली ती शेतात राबणारी. जिच्या खोऱ्यातून वीज गेली त्या मुळशीतल्या महार, कातकरी बाईला ना कारखाना, ना भत्ता. सरकारी तिजोरीतून तिचा हक्क कायद्यात यायला २०१३ साल उजाडावे लागले. अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये म्हटले. २०१७ च्या योजनेने दिले पाच हजार, तेही पहिल्याच मुलासाठी. त्याच वर्षी कारखान्यातल्या बाईची पगारी रजा सव्वीस आठवडे झाली. तेवढ्या दिवसांवर पाच हजार वाटले तर रोजचे साडेसत्तावीस रुपये पडतात.

२०२२ पासून दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार मिळू लागले. मुलगा झाला तर त्या आईला विश्रांती नको, हे कोणत्या डॉक्टरने सांगितले?