परसातला राजगिरा

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतली जुनी पाहणीपत्रके चाळताना मी काही वर्षे राजगिरा शोधत होतो. ज्वारी, तूर, करडई, जवस सगळे भेटले. राजगिरा काही भेटला नाही. आमच्याकडे एकादशी आणि नवरात्र राजगिऱ्यावाचून पार पडत नाही. मग त्याची नोंद कशी नाही? उत्तर समोरच होते, मला उशिरा दिसले. पाहणीपत्रक शेताचे असते. गावठाणातल्या घरामागच्या जागेला सातबारा नसतो, त्यामुळे तिथे काय उगवते ते कोणी लिहून ठेवत नाही. आणि राजगिरा परसात होता.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आजीच्या परसात, न्हाणीचे पाणी जिरायचे त्या बाजूला, तो दरवर्षी उभा राही. माणसाच्या डोक्यावरून जाणारा आणि लालभडक तुऱ्यांचा. कोवळ्या पानांची भाजी व्हायची, दाण्यांच्या लाह्या व्हायच्या आणि दिवाळीपर्यंत परसाला शोभा असायची. कोण पेरतं म्हणून विचारले, की आजी म्हणायची, "त्याला कशाला पेरायचं? त्याचं ते येतंय."

हे वाक्य मी पुढे कितीतरी व्याख्यानांत सांगितले. त्याच्या जोडीला 'हे आपले प्राचीन धान्य' असेही सांगत असे. दोन्ही विधाने मला दुरुस्त करावी लागली. ती दुरुस्ती म्हणजेच हा लेख.

आधी प्राचीनतेचे. दाण्याचा राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला, हे जोनाथन सॉअर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या विस्तृत अभ्यासात मांडले. मेक्सिकोत अॅझ्टेक राजवटीत तो 'हुआउत्ली' या नावाने खंडणीत भरला जाई. सोळाव्या शतकातल्या मेंडोझा कोडेक्समध्ये मका आणि घेवड्याबरोबर त्याच्याही कोठारांची चित्रे आहेत. त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसाद म्हणून खात. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी राजधानी जिंकली आणि त्यांच्या धर्मगुरूंना हा प्रकार खटकला. तिकडे राजगिऱ्याचे महत्त्व ओसरले, इकडे तो देवघराशी जोडला गेला. मेक्सिकोत आजही त्याच्या लाह्या मधात बांधून वड्या करतात. त्या मिठाईला 'अलेग्रिआ' म्हणजे आनंद असे नाव आहे. आपल्या राजगिऱ्याच्या वडीची ती सख्खी बहीण.

मग परदेशातून आलेला हा दाणा उपवासाला कसा चालला? बटाटा आणि रताळे हेही अमेरिकेचेच. पण ती कंदमुळे म्हणून खपून गेली. राजगिऱ्याचे तर पीठ होते, भाकरी होते. इथे मला ऋषिपंचमी आठवते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, अशी रीत आहे. म्हणून परसातला माठ, अळू, भोपळा घालून भाजी करतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातही वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीत पिकलेले खाण्याची मनाई आहे. माझा तर्क असा, की नव्याने आलेला राजगिरा जुन्या धान्यांच्या यादीत नव्हता आणि परसात नांगराविना येत होता, म्हणून तो फराळात बसला. शेंगदाणा आणि साबुदाणा या कसोटीवर टिकत नाहीत, हे मान्य. ते बहुधा सोयीने आत आले.

आता दुसरी दुरुस्ती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. आजी वाचली, माळवदाचे घर राहिले नाही. पुढच्या वर्षी आम्ही पत्र्याच्या निवाऱ्यातून जुन्या जागी गेलो, तेव्हा ढासळलेल्या दगडमातीत राजगिरा उभा होता. आजी म्हणाली, "बघ, त्याचं ते आलं." मग ती एकेका झाडापाशी जाऊन तुरा तळहातावर चोळी, फुंकर मारी, दाणा पाही. काही झाडे तिने उपटून टाकली. काहींना लुगड्याची चिंधी बांधली. मी पाहिले, पण विचारले नाही. चिंधीच्या झाडांचे मूठभर बी तिने मला कागदात बांधून दिले.

ते बी मी नांदेडच्या घरामागे टाकले. नंतरची बरीच वर्षे 'त्याचं ते येतंय' म्हणून मी नुसताच पाहत राहिलो. तुरे तसेच लाल; पण एके दिवाळीत चोळून पाहिले, तर तळहातावर निम्मे दाणे काळे. लाह्याही धड फुलेनात. मग वाचन केले. राजगिऱ्यात बियांचा काळा रंग प्रभावी असतो. पांढरे बी ओल मिळताच उगवते; काळे बी जमिनीत दबून वर्षानुवर्षे टिकते. एका झाडाला हजारो दाणे धरतात. निवड थांबली, की वाफा काळ्याकडे कलतो.

म्हणजे तो आपोआप उगवत होता, पण आपोआप पांढरा राहत नव्हता. त्यात बैलाचे कष्ट नव्हते, बाईचे होते. व्रताच्या नियमाने ते कष्ट मोजले नाहीत, पाहणीपत्रकाने मोजले नाहीत, आणि आजीने स्वतःही मोजले नाहीत. मी तिचे वाक्य पुरावा म्हणून लिहून घेतले, तिचे हात पाहून घेतले नाहीत.

आता गावाकडे शिवारभर सोयाबीन आहे, बांधावर तणनाशक आहे आणि नव्या घरांमागे फरशी. उपवासाचा राजगिरा पुडीतून येतो, तोही नांगरलेल्या शेतातला. माझ्याकडे दहा बाय बाराचा तुकडा उरला आहे. यंदाही तुरे पिकले. चोळून पाहिले, काळी झाडे उपटली, पाच झाडांना चिंध्या बांधल्या. वाफा पुन्हा पांढरा व्हायला अजून काही दिवाळ्या लागतील.