एक दिवस, एक शिलिंग आणि लंडन

लंडनपासून रेल्वेने तास-दीड तासावर राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. "एका दिवसात लंडन होईल का हो?" विचारणाऱ्याच्या खिशात यादी तयार असते. बिग बेन, राजवाडा, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, लंडन आय, जमलं तर लॉर्ड्स आणि परतीच्या गाडीआधी थोडी खरेदी!

ही यादी बघितली की मला १८५१ सालचे इथले कामगार आठवतात. त्यांच्याकडेही लंडनसाठी एकच दिवस होता. अनेकांच्या तर आयुष्यातला लंडनमधला तो एकुलता एक दिवस. पण त्यांनी तो असा काही वापरला की त्याचा फायदा तुम्ही-आम्ही आजही घेतो आहोत. ती गोष्ट सांगतो.

मुळात "सकाळी शहरात जाऊन रात्री परत" ही कल्पनाच रेल्वेची देणगी. त्याआधी लेस्टरहून लंडनला जायचं म्हणजे घोडागाडीत जवळजवळ अख्खा दिवस, आणि तेही ज्याला भाडं परवडेल त्याने. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या एका सुताराने लेस्टरहून लफबरोला एक खास गाडी नेली. अंतर जेमतेम अठरा किलोमीटर, माणसं पाचशेच्या आसपास, जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. निमित्त काय, तर दारूबंदीची सभा! स्वस्त सहलीच्या गाड्या काही त्यानेच पहिल्यांदा काढल्या नाहीत. पण गाडी ठरवणं, तिकिटं छापणं, खाण्यापिण्याची सोय करणं आणि माणसं मोजून परत आणणं हे सगळं एकाच माणसाने अंगावर घेण्याची पद्धत त्याने रुळवली. लेस्टर स्टेशनबाहेर त्याचा पुतळा आहे. हातात घड्याळ, शेजारी बॅग आणि छत्री. टूरवाल्याचा याहून नेमका पुतळा होणार नाही.

आता येऊ १८५१ कडे. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स आल्बर्ट याच्या पुढाकाराने हाइड पार्कमध्ये जगभरातल्या उद्योगांचं महाप्रदर्शन भरलं, १ मे ते १५ ऑक्टोबर. त्यासाठीची इमारत म्हणजे सुप्रसिद्ध क्रिस्टल पॅलेस. तिचा आराखडा जोसेफ पॅक्स्टनचा. हा गृहस्थ मूळचा माळी, वनस्पतींसाठी काचघरं बांधणारा. इमारतीचं पहिलं रेखाटन त्याने डर्बीला रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या टीपकागदावर काढलं! (कंटाळवाण्या मीटिंगमध्ये आम्हीही कागदावर रेघोट्या मारतो, पण त्यातून काही उभं राहत नाही.) लांबी सुमारे ५६३ मीटर, जवळजवळ तीन लाख काचा. सगळे भाग ठरावीक मापाचे, कारखान्यात बनवलेले आणि जागेवर आणून जोडलेले. त्यामुळे काही महिन्यांत एवढा डोलारा उभा राहिला. आजच्या प्रीफॅब बांधकामाचा हा एक पूर्वजच.

पण या प्रदर्शनात मला सगळ्यात रंजक वाटते ती तिकिटांची व्यवस्था. पहिले दोन दिवस एक पौंड, मग पाच शिलिंग, आणि २६ मेपासून सोमवार ते गुरुवार फक्त एक शिलिंग. शुक्रवारी अडीच, शनिवारी पाच. म्हणजे बड्यांना गर्दी नको असेल तर त्यांनी शनिवारी यावं, पण आठवड्यातले चार दिवस सामान्य माणसाचे. अर्थात शिलिंगही काही कमी नव्हता. शेतमजुराची आठवड्याची कमाई तेव्हा नऊ-दहा शिलिंगांच्या आसपास होती.

या शिलिंगवाल्यांची लंडनच्या उच्चभ्रूंना चांगलीच धास्ती होती. तीन वर्षांपूर्वीच, १८४८ मध्ये, युरोपभर क्रांत्यांचा भडका उडालेला. खेड्यापाड्यांतले, गिरण्यांमधले लाखो लोक राजधानीत घुसले तर काय होईल? म्हातारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन (आपल्याकडच्या असईच्या लढाईतला वेलस्ली तो हाच) बंदोबस्तासाठी सैन्य तयार ठेवा म्हणून सांगत होता.

इकडे कामगारांची तयारी वेगळीच चालू होती. गावोगावी चक्क भिशा सुरू झाल्या. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे आणि त्यातून लंडनचा प्रवास करायचा. पॅक्स्टन मिडलंड रेल्वेचा संचालक होता. त्याने आणि रेल्वेच्या अध्यक्षाने कुकला माणसं आणायचं काम दिलं. कुकचा सतरा वर्षांचा मुलगा गावागावांतून बँड वाजवत जाहिरात करू लागला. मग दुसऱ्या एका रेल्वे कंपनीशी भाड्याचं युद्ध जुंपलं आणि यॉर्कशायरहून लंडनला जाऊन-येऊन भाडं पाच शिलिंगांवर आलं. एकट्या कुकने त्या हंगामात सुमारे दीड लाख माणसं लंडनला नेली म्हणतात.

आणि ज्यांच्याकडे रेल्वेचे पैसे नव्हते? कॉर्नवॉलमधली मेरी कॅलिनॅक नावाची पंच्याऐंशीच्या घरातली एक कोळीण पेन्झान्सजवळून चालत निघाली आणि पाचेक आठवड्यांनी लंडनला पोचली. आपल्याला वारी माहीत असल्यामुळे याचं तितकं नवल वाटणार नाही, पण इंग्रजांना वाटलं. खुद्द राणीने तिची नोंद आपल्या रोजनिशीत केली.

बहुतेकांचा क्रम साधा होता. रात्रभर गाडीत बसून यायचं, पहाटे लंडनला उतरायचं, हाइड पार्क गाठायचं, दिवसभर प्रदर्शन बघायचं आणि पुन्हा रात्रीची गाडी पकडायची. शिदोरी बरोबर. लंडनमध्ये बघण्यासारखं तेव्हाही रग्गड होतं. पण ही मंडळी एका गोष्टीसाठी आली होती आणि तीच नीट बघून गेली. मँचेस्टरचा विणकर यंत्रमागापुढे उभा राहून जे बघत असेल ते सरदार-दरकदारांना दिसणं शक्य नव्हतं.

आतली व्यवस्थाही एका दिवसाच्या पाहुण्याचा विचार करून केलेली. दारू नाही, पण सोडा-लेमोनेड मुबलक. श्वेप्सच्या दहा लाखांहून जास्त बाटल्या खपल्या. जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या प्लंबरने फ्लशची स्वच्छतागृहं बसवली. एक पेनी देऊन ती वापरणाऱ्यांचा आकडा ८,२७,२८०! हसू नका. दिवसभर घराबाहेर राहायचं तर, विशेषतः बायकांना, ही सोय किती मोलाची असते हे आपल्याकडच्या कुठल्याही प्रवासात कळतं.

सगळ्यात निराशा कुणी केली असेल तर आपल्या कोहिनूरने. १८४९ मध्ये पंजाब घेतल्यावर इंग्रजांनी तो नेला होता. सोनेरी पिंजऱ्यात ठेवला, खाली गॅसचे दिवे लावले, पण गडी काही चमकेना. त्याचे पैलू भारतीय पद्धतीचे होते. पुढच्या वर्षी इंग्रजांनी तो पुन्हा घासून १८६ कॅरटांचा सुमारे १०६ करून टाकला. भारतीय दालनात हत्तीवरची भरजरी अंबारी आली होती, पण हत्तीच नव्हता. शेवटी एसेक्समधल्या एका छोट्या गावच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती आणून वेळ निभावली.

एकूण प्रवेश झाले साठ लाखांवर. त्यातले चाळीस लाखांहून जास्त शिलिंगच्या दिवसांचे. ७ ऑक्टोबरला एका दिवसात १,०९,९१५ माणसं आली. दंगा? नाही झाला. उलट त्या दिवशी थोडी पळापळ झाली ती म्हणे वेलिंग्टनमुळेच. लोकांनी त्याला ओळखून जयघोष केला आणि लांबच्यांना वाटलं, इमारत पडली!

आणि आता मुद्द्याची गोष्ट. खर्च वजा जाता सुमारे १,८६,००० पौंड उरले. त्यातून हाइड पार्कच्या दक्षिणेला साउथ केन्सिंग्टनमध्ये जमीन घेतली गेली. आज त्या परिसरात व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, इंपीरियल कॉलेज आणि आल्बर्ट हॉल आहेत. तिथलं पहिलं संग्रहालय १८५७ मध्ये उघडलं. तिथे गॅसचे दिवे लावले होते, कामगारांना दिवसभर राबून संध्याकाळी येता यावं म्हणून! त्याच निधीतून पुढे शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या. न्यूझीलंडमधला एक तरुण अशाच शिष्यवृत्तीवर १८९५ मध्ये केंब्रिजला आला. त्याचं नाव अर्नेस्ट रदरफर्ड. म्हणजे अणूच्या गाभ्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत विणकरांचे आणि शेतमजुरांचे शिलिंगही आहेत. संशोधनावर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा हिशेब फार आवडतो.

म्हणून, मंडळी, एका दिवसासाठी लंडनला येणार असाल तर माझा सल्ला १८५१ चाच. दहा ठिकाणांना हात लावून पळू नका, एक भाग निवडा. सकाळी किंग्ज क्रॉसहून पिकॅडिली लाइन पकडली की गाडी न बदलता साउथ केन्सिंग्टन येतं. तिन्ही संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. (मध्यंतरी ते लावलं होतं, २००१ मध्ये पुन्हा काढलं.) तिन्हींमधलं एकच नीट बघा. दुपारी डबा खाऊन चालत आल्बर्टच्या स्मारकापाशी जा. पुतळ्याच्या हातात एक पुस्तक दिसेल. बायबल नव्हे, १८५१ च्या प्रदर्शनाचा कॅटलॉग आहे तो. तिथून जरा पूर्वेला, हाइड पार्कच्या हिरवळीवर क्रिस्टल पॅलेस उभा होता. पुढे तो सिडनहॅमला हलवला आणि १९३६ मध्ये जळून गेला. आता तिथे फक्त गवत आहे. त्यावर निवांत बसा. बिग बेन राहिलं तर राहू दे, त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत.

आणि लंडनचा योग नसेल तरी बिघडत नाही. महाप्रदर्शनांच्या त्या लाटेतूनच मुंबईतही एक संग्रहालय उभं राहिलं. त्यासाठी डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी पुढाकार घेतला. भायखळ्याची सध्याची इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. नाव तेव्हा व्हिक्टोरिया अँड आल्बर्टच होतं, १९७५ पासून भाऊ दाजींचं. ते राणीच्या बागेला अगदी लागून आहे. पुण्याहून सकाळच्या डेक्कन क्वीनने जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यालाही सहज जमेल. मुंबई बघायला आलेली किती माणसं प्राणी बघून त्याच्या दारावरून तशीच पुढे जातात! पुढच्या खेपेला आत जाऊन या.